दादाने खाली ठेवलेला पेला

१९८८ सालच्या ईस्टरच्या रविवारी, सकाळच्या उपासनेत, धुळ्याच्या आमच्या चर्चमध्ये माझ्या थोरल्या भावाने प्रभुभोजनाचा पेला ओठांपर्यंत नेला आणि न पिता खाली ठेवला. भाकर त्याने खाल्ली होती. शेवटचं गीत सुरू व्हायच्या आत तो बाजूच्या दाराने बाहेर पडला. मंडळीतल्या बहुतेकांनी हे पाहिलं. मी त्याच्या मागच्याच बाकावर होतो, त्यामुळे सर्वांत जवळून मीच पाहिलं. आपण काय पाहिलं, हे मात्र मला संध्याकाळपर्यंत कळलं नाही. त्यातलं काही अजूनही कळलेलं नाही.

त्या वेळी मी जळगावच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. दुसऱ्यांनी लिहिलेल्या बातमीतली विशेषणं काढून टाकणं हे माझं रोजचं काम. या कामाचा परिणाम असा झाला की चर्चमध्ये उभं राहून साक्ष देणं मला कधी जमलं नाही. प्रभूने मला कसं वाचवलं, असं कोणी सांगू लागलं की माझ्या मनात बातमीदाराला विचारायचे प्रश्न यायचे. कधी झालं, कुठे झालं, आणखी कोणी पाहिलं का. अविश्वास म्हणून नव्हे, सवयीने. ही हकीकत मी साक्ष म्हणूनच लिहायला घेतली आहे, पण ती बातमीसारखी उतरली तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

दादा एसटीच्या कार्यशाळेत टर्नर होता. हात इतका बसलेला की लेथवर त्याने काढलेला भाग दुसरा कोणी मोजून पाहत नसे. गळाही चांगला होता. गायकमंडळात खालचा सूर तोच धरायचा. कार्यशाळेतल्या लोकांनी त्याला दारू लावली, असं आई म्हणायची. कार्यशाळेतले लोक म्हणायचे, त्यानेच आम्हाला लावली. खरं काय ते मला कधी कळलं नाही. सुरुवातीला दुकानातली देशी होती. पुढे साक्रीकडच्या पाड्यांवरून डब्यांतून येणारी मोहाची सुरू झाली, आणि मग दुसरी त्याला चालेना. घरातून वस्तू जाऊ लागल्या. वडील वाजवायचे ती पेटी एक दिवस गेली ती परत आली नाही. वहिनी म्युनिसिपालटीच्या बालवाडीत शिकवायची. घर तिच्यावर चालायचं, आणि दादा कोणत्या दिवशी कोणत्या गटाराच्या कडेला सापडेल याचा अंदाजही तिलाच ठेवावा लागायचा.

आमच्या मंडळीत दारू पिणाऱ्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवतात. त्याची घोषणा होत नाही, कोणी बोट दाखवत नाही. पंचमंडळ ठरवतं, पाळक घरी येऊन सांगतात, आणि पुढच्या रविवारपासून तो माणूस तबकातलं काही घेत नाही. दादा तरीही अधूनमधून उपासनेला यायचा. भाकरीचं तबक यायचं, मग छोट्या पेल्यांचं तबक यायचं. तो ते दोन्ही हातांनी धरून शेजारच्याला द्यायचा. काही न सांडता, अगदी काळजीपूर्वक. मला ते पाहवत नसे. जळगावला बदली मागून घेण्यामागे जी कारणं होती त्यातलं हे एक होतं.

मग कावीळ झाली. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं की पुन्हा प्याला तर आणू नका. दादाने दारू सोडली. त्याआधीही त्याने ती अनेकदा सोडली होती. आईपुढे शपथ घेऊन, पाळकांपुढे गुडघे टेकून, एकदा तर वडिलांच्या कबरीवर हात ठेवून. म्हणून या वेळी आईने पत्रात लिहिलं, तेव्हा मी उत्तरात फक्त तिच्या गुडघ्यांची चौकशी केली. त्याच्यासाठी प्रार्थना मी बंद केली नव्हती. पण जेवणापूर्वी हात धुतात तशी ती झाली होती. उत्तर येईल म्हणून वाट पाहणं केव्हाच थांबलं होतं. महिने गेले, वर्ष उलटलं, आणखी काही महिने गेले. बुधवारच्या घरगुती प्रार्थनासभेत तो पुन्हा गाऊ लागला. शेवटी पंचमंडळाने ठरवलं की ईस्टरला त्याने मंडळीपुढे साक्ष द्यावी आणि भोजनाला बसावं.

आता रसाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच फिरतं. आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला द्राक्षारस म्हणून कधीही दारू आणत नाहीत. आमच्या आजोबांच्या काळापासून काळ्या मनुका पाण्यात भिजवून, उकळून, जुन्या धोतराच्या स्वच्छ फडक्यातून गाळतात आणि तो रस बाटलीत भरतात. हे काम घरोघरी पाळीने येतं. जिची पाळी असेल ती बाई आदल्या दिवशी, म्हणजे शनिवारी, रस करते. त्या वर्षी ईस्टरची पाळी वहिनीने मागून घेतली होती. नवरा परत भोजनाला बसणार, तर रस आपल्या हातचा असावा, एवढीच तिची इच्छा. पण त्याच वर्षी नव्या पाळकांनी उत्तम शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळीही भोजन ठेवलं. आमच्याकडे ही पद्धत नव्हती. वहिनीने विचार केला, एकदाच करावा, दोन्ही वेळांना पुरेल. बुधवारी तिने दुप्पट रस केला. गुरुवारी अर्धा वापरला गेला. उरलेली बाटली बूच घट्ट लावून चर्चच्या बाजूच्या खोलीत ठेवली. एप्रिलचं धुळं. पत्र्याचं छप्पर. हे सगळं मी आज ओळीने लिहू शकतो. त्या रविवारी सकाळी यातलं काहीही कोणाच्या ध्यानात नव्हतं.

मी शनिवारी दुपारच्या एसटीने निघालो. गाडी एरंडोलला बराच वेळ थांबली. तिथे मला वाटलं, उतरून परतीची गाडी पकडावी. दादा साक्ष देणार आणि आठवड्याने पुन्हा पिणार, हे पाहायला का जायचं? उतरलो नाही, याचं कारण फक्त आई होती.

दादाची साक्ष लहान झाली. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, केसांना तेल. तो म्हणाला, "मी काय होतो ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. काय झालोय ते मला माहीत नाही. प्रभूला माहीत असेल. माझ्यासाठी प्रार्थना करत राहा." आणि बसला. पाळकांना आणखी काही अपेक्षित होतं, ते थोडा वेळ वाट पाहत राहिले. मग भाकर आली. मग पेले आले. या वेळी दादाने तबक शेजारच्याला देण्याआधी त्यातला एक पेला उचलला. सगळ्यांनी एकदमच प्यायचा असतो, म्हणून तो हातात धरून बसला. पाळकांनी भोजनविधीचे शब्द म्हटले. मी माझा प्यायलो. मला तो किंचित आंबट लागला. मनुका हलक्या असतील असं वाटलं. समोर दादाचा हात वर गेला, थांबला, आणि खाली आला. पुढच्या बाकाच्या फळीवर त्याने पेला ठेवला, भरलेला. त्याच्या मानेवर घाम आलेला मला दिसला.

आमच्यात शिकवण अशी आहे की मनात पाप दडवून कोणी तो पेला पिऊ नये. त्यामुळे पेला खाली ठेवण्याचा अर्थ मंडळीत एकच होतो. उपासना सुटल्यावर अंगणात ईस्टरच्या शुभेच्छा चालल्या होत्या, पण त्यांच्या मधून दुसरंच बोलणं ऐकू येत होतं. नाना म्हणून आमचे एक वृद्ध पंच होते, दवाखान्यातून निवृत्त झालेले कंपाउंडर. पेले भरण्याचं काम त्यांच्याकडे असे. ते म्हणाले, "साक्ष तोंडाने दिली. पोटाने नाही दिली." त्यांच्या शेजारच्या बाईने दादाची बाजू घेतली. "निदान खोटं तरी प्याला नाही, नाना. तेवढं भय उरलंय, हेही काही कमी नाही." ही बाजू घेणं मला नानांच्या टोमण्यापेक्षा जास्त लागलं. मला राग आला होता, पण तो कोणावर, हे ठरत नव्हतं. आपण म्हणत होतो तसंच झालं, असं एक समाधान त्या रागात होतं, आणि त्याचीही लाज वाटत होती.

घरी मटण शिजत होतं. वहिनी स्टोव्हपुढे बसून होती. रडलेली दिसली नाही.

"वहिनी, काल मी येण्याआधी दादा कुठे गेला होता का?" मी विचारलं.

"घरीच होते. शर्टाला स्वतः इस्त्री केली. पवित्र शास्त्र वाचलं, झोपले."

"मग असं का?"

"भाऊजी, घरातलं मला विचारा, मी सांगेन. त्यांच्या मनातलं विचारू नका. तिकडे माझी पाळी नसते." पातेल्यावर झाकण ठेवत ती म्हणाली, "प्यालेच असतील कुठेतरी. माझ्या नजरेतून सुटलं असेल."

आई खाटेवर होती. ती म्हणाली, "जा, बघून ये. आणि सापडला तर भांडू नको. भांडायला उद्याचा दिवस आहे."

देशी दारूचं ते दुकान मला माहीत होतं. पूर्वी दादाला आणायला मी तिथे अनेकदा गेलो होतो. गल्ल्यावरचा माणूसही तोच होता. मला ओळखून तो म्हणाला, "काय पेपरवाला भाऊ, सनना दिन इकडे कोठे?"

"दादा आला होता का?"

"उना व्हता. पन मी सांगसू ते तू मानशी नही."

"सांगा तर."

त्याने सांगितलं ते असं. दादा आला, बाटली मागितली. याने दिली. दादाने बूच उघडलं, बाटली नाकाला लावली, डोळे मिटून वास घेतला आणि बाटली परत फळीवर ठेवली. "मालें बोलना, हाई नही. मी इचारं, काय हाई नही? तर बोलना, मंग मन्हं डोकंच गयं." म्हणजे हा तो वास नाही, मग माझं डोकंच फिरलंय, असं दादा म्हणाला होता.

"प्यायला नाही?"

"एक थेंब नही. भाऊ, मन्हं दुकान शे. मी खोटं काबर बोलसू? पेता तर मी खूश व्हतू." मग त्याने हाताने दिशा दाखवली. "ष्टँडकडे गया."

मी दुकानाबाहेर उन्हात उभा राहिलो. माणूस दारूच्या दुकानात जातो, बाटली उघडतो, वास घेतो आणि न पिता निघून जातो. याला काय म्हणायचं? मोह जिंकला की हरला? डोकं गेलं असं म्हणणारा माणूस स्टँडवर कशासाठी जातो? बातमी असती तर मी ती माहिती अपुरी म्हणून परत पाठवली असती.

स्टँड आमच्या घरावरून पुढे होतं. आईला सांगावं म्हणून मी घरात शिरलो आणि दुकानदाराने सांगितलं ते जसंच्या तसं सांगितलं. वहिनी भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"वास? कसला वास शोधत होते ते?"

"माहीत नाही. बाटलीतला तो नव्हता, एवढंच म्हणाला."

ती उठली. हाताचं पीठ तसंच होतं. पदराला पुसत ती चर्चकडे चालू लागली आणि मी तिच्या मागे. बाजूच्या खोलीची किल्ली नानांकडे असते. नाना जेवत होते, ते उष्ट्या हाताने किल्ली घेऊन आले. "आता काय चोरीला गेलं?" असं म्हणत त्यांनी कुलूप काढलं. बाटलीत तळाशी रस उरला होता. वहिनीने बूच ओढलं. लहानसा आवाज झाला, बंदुकीतून सुटावं तसं बूच तिच्या हातातून उडालं. तिने बाटली नाकाशी नेली. मोहाची फुलं भिजत घालतात तेव्हा त्या पिंपातून जो वास येतो, तो तिला लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत नवऱ्याच्या कपड्यांना येत आला होता. सकाळी तिचं लक्ष स्वतःच्या पेल्याकडे नव्हतं, नवऱ्याच्या हाताकडे होतं. आता तिला दुसऱ्यांदा वास घ्यावा लागला नाही.

"आंबलंय," ती म्हणाली.

नाना म्हणाले, "फेस आला होता खरा पेले भरताना. मी म्हटलं, बाटली हिंदकळली असेल." मग त्यांच्या ध्यानात आलं. "म्हणजे मी... म्हणजे आपण सगळे प्यालो?"

"थेंबभर, नाना," मी म्हटलं.

"थेंबभर का असेना. माझ्या बापाने कधी तोंडाला लावली नाही."

ते खरोखर हादरले होते. त्या चर्चमधल्या इतर कोणालाही त्या वासावरून काही कळलं नसतं, कारण तो वास ओळखायला लागणारं शिक्षण त्यांनी घेतलंच नव्हतं. मंडळीत ते ज्याने घेतलं होतं, त्याने पेला खाली ठेवला होता, आणि त्याच कारणावरून आम्ही त्याला दारुडा ठरवलं होतं.

वहिनी बाकावर बसली. "हे मी केलं," ती म्हणाली. नाना काही बोलू लागले, तिने त्यांना थांबवलं. बाटलीला पुन्हा बूच लावून तिने ती माझ्या शबनम पिशवीत ठेवली. "चला. त्यांना सांगायला हवं. आत्ता."

स्टँडपर्यंतचा रस्ता लांब नाही. मी प्रार्थना करत होतो, पण काय मागावं हे समजत नव्हतं. दादा सापडू दे म्हणावं, तर सापडेल तो कोणत्या अवस्थेत? प्यायलेला नसू दे म्हणावं, तर ते होऊन गेलं असेल तर? शेवटी शब्द सुटले आणि मी फक्त चालत राहिलो. बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा मी उत्तराची वाट पाहत होतो.

पाण्याच्या टाकीच्या सावलीत दादा दिसला. जमिनीवर मांडी घालून बसला होता. पुढ्यात टरबुजांची मोठी पाटी. इस्त्रीचा पांढरा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. समोर एक गिऱ्हाईक एका टरबुजावर टिचक्या मारत होतं.

"गोड निघेल का?"

"मला माहीत नाही," दादा म्हणाला. "माझी नाहीत."

"मग विकता कशाला?"

"मी विकत नाही. बाई येईपर्यंत बसलोय."

गिऱ्हाईक टरबूज ठेवून निघून गेलं. तेव्हा दादाने आम्हाला पाहिलं. तो उठला नाही. त्याने एवढंच म्हटलं, "उठता येत नाही. पाटी आहे."

पुढचं त्याने तुटक तुटक सांगितलं. पेला नाकाजवळ आला तसा त्याला मोहाचा वास आला. चर्चमध्ये मोहाची कुठून येणार? आजूबाजूला सगळे शांतपणे प्याले, कोणाच्या चेहऱ्यावर काही नाही. म्हणजे वास पेल्याला नाही, आपल्यालाच येतोय. प्रभूच्या पेल्यातही आपल्याला दारूच दिसते, मग सोडली असं कसं म्हणायचं? नाक ठिकाणावर आहे का ते पाहायला तो दुकानात गेला. तिथल्या बाटलीला तिचा स्वतःचा वास होता, मोहाचा नव्हता. म्हणजे नाक ठीक, बिघाड आत. तिथून तो स्टँडवर आला. चाळीसगावची गाडी पकडायची, तिथे आपल्याला कोणी ओळखत नाही, तिथे प्यायची. त्यानंतर काय, ते त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

गाडी लागायला वेळ होता म्हणून तो टाकीपाशी बसला. शिंदखेड्याकडची एक म्हातारी तापीकाठची टरबुजं घेऊन तिथे बसली होती. ती एकदम उठली. "भाऊ, मन्ही पाटीवर ध्यान ठेव. मी आत्ते येस," असं म्हणून, तो हो म्हणायच्या आत, चालू लागली. चाळीसगावची गाडी लागली. म्हातारी आली नाही. गाडी गेली. दुसरी लागली, तीही गेली. पाटी सोडून कसं जायचं, एवढ्या एका गोष्टीवर तो दुपारभर तिथे बसून होता.

वहिनी त्याच्यासमोर खाली बसली. पिशवीतून बाटली काढून तिने बूच उघडलं आणि त्याच्यापुढे धरली. "बघा. हाच का?"

त्याने वास घेतला. मग त्याने बाटलीवरून नजर काढून तिच्याकडे पाहिलं.

"हाच," तो म्हणाला. "कुठून आणलीस?"

"आणली नाही. मीच केली. बुधवारी. गरमीने आंबली." मग ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही प्यालात."

"मलाही तेच वाटलं."

त्या घरात आजवर क्षमा एकाच बाजूने मागितली जायची. वहिनीने हात जोडले. स्टँडवर, लोकांच्या येण्याजाण्यात, ती म्हणाली, "मला क्षमा करा." दादाला हे कसं घ्यावं ते कळेना. क्षमा मागायची सवय असलेला माणूस, द्यायची वेळ आल्यावर त्याचे हात पाटीवर उगाच फिरू लागले. शेवटी तो सरकला आणि सावलीत तिच्यासाठी जागा केली. "बस," तो म्हणाला. "बाई येईपर्यंत बस." ती बसली. बाटली मी नळाखाली ओतून धुतली.

म्हातारी ऊन उतरल्यावर आली. तिची लेक नातवाला घेऊन सिव्हिल हॉस्पिटलमध्ये होती. जुलाबांनी पोर कोमेजलेलं. स्टँडवर कोणीतरी निरोप दिला आणि ती तशीच धावली होती. आता पोराने डोळे उघडले होते. मी सवयीने तिला विचारलं, एवढ्या माणसांत पाटी याच्यावरच का सोपवली? ओळख ना पाळख.

ती म्हणाली, "बठ्ठा लोके पयेत व्हतात, भाऊ. हाऊ एकला बठेल व्हता. याले कोठे जानं नही, आसं मालें वाटनं." सगळे पळत होते, हाच एकटा बसला होता, याला कुठे जायचं नसेल असं वाटलं. मग पाटीत डोकावून, एकही टरबूज विकलं गेलं नाही अशी तिने वहिनीकडे तक्रार केली. "तुन्हा मानूस भोया शे, बहीन. एकबी खपाडं नही यानी." आणि एक टरबूज दादाच्या मांडीवर ठेवलं. तो नको म्हणू लागला, तेव्हा तिने त्याला गप्प केलं.

सोमवारी मी पाळकांना सगळं सांगितलं. पुढच्या रविवारी त्यांनी ते मंडळीला जसं घडलं तसं सांगितलं, कोणाचाही दोष न काढता. नाना आपण होऊन उभे राहिले आणि म्हणाले की फेस त्यांनी पाहिला होता, आणि अंगणात बोलले तेही त्यांनीच. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळीच रस करून आणला गेला आणि दादा भोजनाला बसला. त्या दिवसापासून आमच्या चर्चमध्ये रस ज्या दिवशीचा त्याच दिवशी करतात.

या सगळ्याकडे मी अनेकदा मागे वळून पाहिलं आहे, आणि दर वेळी माझा गोंधळ होतो. रस आंबला नसता तर दादा त्या सकाळी पेला पिऊन घरी आला असता, आणि ही काही लिहिण्याजोगी गोष्ट झाली नसती. आंबलेला रस तो प्यायला असता तर काय झालं असतं, ते मला माहीत आहे. त्याने नकार दिला तो मोठ्या विश्वासाने नव्हे, घाबरून दिला. ज्या क्षणी तो वाचला, त्याच क्षणी आपण बुडालो असं त्याला वाटलं, आणि आम्हालाही तसंच वाटलं. म्हातारी देवाने पाठवली का, हे मी ठरवू शकत नाही. तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती की तिला जुलाबाने पाठवलं. पण स्वतःला धरून ठेवायला दादाकडे काही उरलं नव्हतं, तेव्हा कोणीतरी त्याला दुसऱ्याचं काहीतरी धरायला दिलं, आणि ते त्याने सोडलं नाही. ज्यांच्या घरात हे व्यसन आहे त्यांना मी एवढंच सांगू शकतो की आम्ही जिथे पहारा देत होतो तिथून मदत आली नाही, आणि जिथून आली तिकडे आमच्यापैकी कोणाचंही लक्ष नव्हतं. त्या संध्याकाळी जेवणापूर्वी आईने मला प्रार्थना करायला सांगितली. मी आभार मानले. कशाकशाचे, ते नीट सांगता आलं नाही. आईने आमेन म्हटलं.

दादा १९९६ साली निवृत्त झाला. निरोपसमारंभाला मी गेलो होतो. त्या ईस्टरनंतर तो कधी प्यायला का, असं मी त्याच्या शेजारच्या लेथवर काम करणाऱ्या सोबत्याला विचारलं. तो नाही म्हणाला. नंतर घरी वहिनीला विचारलं. तीही नाही म्हणाली.